शिवलिंगअप्पांचा मार्कर

आमच्या घरात ‘खूप’ हा शब्द जपून वापरावा लागतो. मी संध्याकाळी कॉलेजातून येतो, बूट काढता काढता ‘आज खूप दमलो’ म्हणतो, आणि आमची मंगल स्वयंपाकघरातून विचारते, “कुणापेक्षा?” लेक पुण्याहून फोन करते, मेसचं जेवण खूप वाईट आहे म्हणते. हिचा प्रश्न तयार असतो, “कशापेक्षा?” लेकीनं आता जेवणाची तक्रार करणं सोडलं आहे. हा गुण मंगलच्या माहेरचा नाही. तो माझ्या प्रयोगशाळेतून घरी आला, आणि प्रयोगशाळेत तो उदगीरहून आला, शिवलिंगअप्पांबरोबर.

नांदेडच्या एका खासगी इंजिनियरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. विभागप्रमुख आहे. त्यात कर्तृत्व म्हणाल तर एवढंच, की माझ्या आधीचे तिघं सोडून गेले आणि मला दुसरीकडं कुणी बोलावलं नाही. अप्पा आमचे लॅब टेक्निशियन. त्याआधी उदगीरला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ ऐकणं सोडलं तेव्हा अप्पांनी दुकान सोडलं, रेडिओ नाही. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. यंत्रावर वाकताना ती डबी ते न चुकता वरच्या खिशात सरकवायचे. मी एकदा कारण विचारलं. मला वाटलं, काही शास्त्र असेल.

“डबी आपटली तर कनेक्टरचं तोंड खराब होतंय सर,” ते म्हणाले. “देवाचं काही न्हाई. त्याला सवय हाय.”

आमच्या विभागात त्या वेळी किमतीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, स्पेक्ट्रम अॅनालायझर. कुठल्याशा तपासणी समितीसाठी ती आणली आणि समिती गेल्यावर कपाटात गेली. कपाटाची किल्ली अप्पांकडं. यंत्रावर अप्पांच्या घरच्यांनी क्रोशानं विणलेला मोराचा रुमाल. खंडेनवमीला अप्पा त्या यंत्रालाही भस्माचे तीन पट्टे ओढत, पण पडद्याच्या काचेवर नाही, वरच्या पत्र्यावर. काचेवर ओढलं तर मोजमाप दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं.

हे यंत्र काय करतं ते मी वीस वर्षं शिकवतोय, पण अप्पांनी पहिल्या दिवशी एका विद्यार्थिनीला सांगितलं तसं मला अजून जमलेलं नाही. “हवेत हजार लोकं एकदम बोलून राहिलेत,” ते म्हणाले. “हे यंत्र एकेकाला त्याच्या जागेवर उभं करतंय. जो मोठ्यानं बोलतो तो उंच दिसतो. आता कोन किती बोलून राहिला ते पाहिजे असंल तर त्याच्या डोक्यावर बोट ठिवावं लागतंय. ते बोट म्हंजे मार्कर.” मार्कर म्हणजे पडद्यावरचं शंकरपाळ्याच्या आकाराचं एक छोटं चिन्ह. ते ज्या रेषेवर ठेवाल तिचा आकडा कोपऱ्यात उमटतो. इतकं सोपं.

इतकं सोपं असूनही मी पहिल्याच प्रॅक्टिकलला तोंडावर पडलो. मशीनचं पुस्तक आदल्या दिवशी वाचून आलेलो. समोर तीस पोरं-पोरी. मी ऐटीत ‘पीक सर्च’चं बटण दाबलं. म्हणजे सगळ्यात उंच रेषा यंत्रानंच शोधायची आणि मार्कर तिच्यावर नेऊन ठेवायचा. मार्कर टुणकन उडाला आणि पडद्याच्या पार डाव्या कडेला, एका ताडासारख्या रेषेवर जाऊन बसला. मी त्या रेषेवर वीस मिनिटं बोललो. तिची ताकद, तिचं महत्त्व, ती कुठल्या केंद्रावरून येत असावी याचा अंदाज. पोरांनी लिहून घेतलं. अप्पा दाराशी हात मागं बांधून उभे होते. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

तास संपला, पोरं गेली, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

“सर, ती रेषा किती फ्रिक्वेन्सीवर हाय?”

मी पाहिलं. शून्य.

“शून्यावर कोन्तं स्टेशन असतंय?”

मी मशीनचं पुस्तक उघडलं.

“ते यंत्राचं स्वतःचंच हाय. आतलं. केबल काढून ठिवली तरी ऱ्हातंय.” त्यांनी खरंच केबल काढली. बाकी सगळं मावळलं, माझं ताकदवान केंद्र तेवढं तसंच उभं. “लग्नात सगळ्यात उंच मानूस नवरदेव असतोच असं न्हाई सर. हे नेक्स्ट पीक दाबायचं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा.”

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मीच घरी सांगितली, आणि तेव्हापासून मंगल मला विचारण्याआधी अप्पांना विचारायला लागली. आमच्या घरातलं माझं स्थान नेक्स्ट पीक झालं.

अप्पांचा जीव खरा डेल्टा मार्करवर. एक मार्कर एका जागी रोवायचा, दुसरा हवा तिथं न्यायचा, आणि दोघांतला फरक वाचायचा. नुसता आकडा अप्पांना चालत नसे. “उणे साठ म्हंजे काय? कशापासून?” असं ते म्हणत. जर्नलमध्ये कुणी गोल आकडा लिहिला, चाळीस किंवा पन्नास, की वही परत. “यंत्र गोल बोलत न्हाई बाळा. गोल मानूस बोलतो.” आणि मार्कर ठेवल्याबरोबर कुणी आकडा लिहू लागला, की पडद्यावरची रेषा डावीकडून उजवीकडं पुन्हा पूर्ण आखली जाईपर्यंत त्याचा हात हळूच धरत. “एक फेरी होऊ दे. आत्ता कुठं बघून राहिलं ते.”

एकदा ते आमच्या घरी कूलरचा पंप बघायला आले होते, आणि नेमके त्याच वेळी माझ्या भाचीला बघायला पाहुणे आलेले. मुलाचे वडील हॉलमध्ये असं बोलत होते, की शेजारच्या इमारतीलाही मुलाची माहिती झाली असेल. “आमचा मुलगा स्वभावानं लई शांत!” अप्पा खिडकीत, हातात पान्हा. त्यांना राहवलं नाही. अगदी नम्रपणे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून, त्यांनी विचारलं, “कुनापेक्षा?”

माझ्या बहिणीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी कूलरमध्ये जाऊन बसावं. आणि मग तो मुलगा, जो चहाच्या कपात तोंड घालून बसला होता, खळखळून हसला. बापाकडं बघून हसला. ते लग्न जमलं. भाची म्हणते, तो हसला नसता तर मी नाही म्हणणार होते. तिचे सासरे मात्र अजून आमच्या घरी आले की आधी खिडकीकडं बघतात.

हे सगळं गमतीचं. आता लातूरचं सांगतो. त्यातही हसं होण्याची जबाबदारी माझ्याकडंच होती.

लातूरला क्लासेसची एक गल्ली आहे. अशा बऱ्याच आहेत, त्यातली एक. खाली मेस, झेरॉक्स, वर होस्टेल, आणखी वर पाण्याच्या टाक्या. त्या गल्लीत फोनवर सगळे दांडे दिसायचे, पण फोन लागायचा नाही. पोरींना आईशी बोलायला दोन चौक ओलांडून जावं लागे. तक्रारी झाल्या. आमच्या संस्थेचे चालक, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, त्यांचं त्याच गल्लीत मोठं होस्टेल. ते म्हणाले, आपल्या कॉलेजात यंत्र आहे, आपले सर येऊन मोजतील. अप्पा त्या आठवड्यात नात्यातल्या लग्नाला उदगीरला. मी म्हटलं, एक यंत्र उचलून न्यायला अप्पा कशाला?

लोहा, अहमदपूर करत गाडीनं लातूर गाठलं. गल्लीच्या तोंडाशी रहीमभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि त्याच्या मागच्याच इमारतीवर मोबाइलचा टॉवर. रहीमभाईंच्या पत्र्यावर जुना टीव्ही बूस्टर लोंबत होता. गल्लीचे पुढारी बिराजदार काका त्या दुकानाचे मालक, म्हणजे जागेचे. त्यांनी आधीच बोट दाखवलं, “हेच काही तरी करून ठिवलंय बगा सर.” फोन ज्या पट्ट्यावर टॉवरशी बोलतो, तो पट्टा मी यंत्रावर लावला. तिथं रेषांचं रान उगवलेलं. पीक सर्च दाबलं. दुकानासमोर आकडा सगळ्यात मोठा, गल्लीत आत एका झेरॉक्सवाल्याच्या विजेवर पाहिला तर कमी. मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, “उगम इथंच आहे.”

“साब, मेरी दुकान में चालू हालत की एक चीज नहीं है,” रहीमभाई म्हणाले. “सब बिगडे हुएच आते. मैं टावर कू क्या बिगाडूंगा?” लोक हसले. मीही हसलो. बिराजदार काकांनी मला शाल आणि नारळ दिला. त्याच दिवशी त्यांनी रहीमभाईंना महिन्याच्या आत दुकान खाली करायला सांगितलं. पंचवीस वर्षांचं दुकान. मला ते गाडीत बसल्यावर कळलं आणि थोडं वाईट वाटलं. किती, कशापेक्षा, ते विचारायला अप्पा नव्हते.

ते सोमवारी आले. मी मोठ्या अभिमानानं यंत्रात साठवलेलं पडद्याचं चित्र दाखवलं. अप्पांनी माझ्या मार्करकडं पाहिलंच नाही. कोपऱ्यातला एक बारीक आकडा पाहिला.

“सर, दाबून बघितलं का?”

‘दाबणं’ म्हणजे अटेन्युएशन. आत येणारा सगळा आवाज मुद्दाम दहा डीबीनं, म्हणजे दहापट, कमी करायचा. खरा सिग्नल असेल तर यंत्र तेवढंच भरून दाखवतं, मार्करचा आकडा हलत नाही. पण जवळच्या टॉवरनं यंत्राच्या कानाशी एवढा आरडाओरडा केला असेल, की यंत्रच भांबावून आपल्या मनानं नसलेल्या रेषा काढायला लागलंय, तर त्या रेषा लगेच खाली बसतात. दोन मिनिटांचं काम. पुस्तकात आहे. मी शिकवतो.

“नाही दाबलं,” मी म्हणालो.

“टॉवरखाली उभं राहून?”

“टॉवरखाली उभं राहून.”

अप्पांनी रुमाल यंत्रावर घातला, मोर सरळ केला. “मग उद्या जावं लागंल. त्याचं दुकान जाऊन राहिलंय.”

मी म्हटलं, शाल घेतलीय अप्पा, नारळाची तर चटणीही झाली. त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण त्या कारणाला किंमत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या गल्लीत. रहीमभाई दुकानातलं सामान खोक्यांत भरत होते. अप्पांनी दुकानासमोर यंत्र लावलं, मार्कर माझ्या त्याच रेषेवर ठेवला, आणि दहा डीबी दाबलं. रान मावळलं. माझी रेषा, जिच्यावर मी शाल पांघरून उभा होतो, ती पडद्याच्या तळाशी हलणाऱ्या बारीक गवतात दिसेनाशी झाली. उरला एक बुटका, पसरट उंचवटा. उंची काहीच नाही, पण जागचा हलला नाही.

“हा खरा,” अप्पा म्हणाले. “हा कुटून येतो ते बघू.”

गल्लीत यंत्र न्यायचं कसं? वीज कुठून? रहीमभाईंनीच शेजारच्या पेरूवाल्याचा हातगाडा रिकामा करून आणला आणि आपला इन्व्हर्टर बॅटरीसकट त्यावर चढवला. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच विजेवर तपास. अप्पांच्या हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखा अँटेना, गाडा ढकलायला रहीमभाई, आणि मागून मी, वही घेऊन. लोकांना वाटलं, जाहिरात आहे.

दर पंचवीस पावलांना गाडा थांबे. अप्पा पहिला मार्कर दुकानासमोरच्या मापावर रोवून आले होते. आता दुसरा. “तीन पॉइंट दोन वर. लिवा सर.” पुढं. “पाच पॉइंट सात वर. एक फेरी होऊ द्या. पाच पॉइंट नऊ. लिवा.” मी लिहीत गेलो. बारा, सतरा, बावीसच्या वर. गर्दी वाढत गेली. बिराजदार काकाही आले. गाडा ज्या दारासमोर थांबला, तिथल्या पाटीवर दादासाहेबांचा हसरा फोटो होता.

मी हळूच म्हणालो, “अप्पा, इथून परत फिरू या. चहा घेऊ.”

“घिऊ की. वर टाकीपशी काय हाय ते बघून.”

टाकीपाशी कुणीतरी ऑनलाइन मागवलेला मोबाइल बूस्टर तारेनं बांधला होता. त्याचा बाहेरचा अँटेना आणि आतला अँटेना हातभर अंतरावर, एकमेकांकडं तोंड करून. माईक स्पीकरसमोर धरला की शिट्टी मारतो, तसं ते दोघं एकमेकांचं ऐकून अखंड ओरडत होते, आणि टॉवरला गल्लीतल्या कुणाचाच आवाज येत नव्हता. खाली गाड्यापाशी येऊन अप्पांनी बिराजदार काकांना पडद्यासमोर उभं केलं, मार्कर उंचवट्यावर ठेवला आणि वर टाकीपाशी थांबवलेल्या होस्टेलच्या वॉचमनला ओरडून सांगितलं, “पिन काढा.” उंचवटा आडवा झाला. “लावा.” उभा राहिला. “काढा.” आडवा. तिसऱ्या वेळी पिन काढलेली असताना गर्दीतल्या एका पोरीचा फोन वाजला. तिची आई.

बिराजदार काकांनी अप्पांना बाजूला घेतलं. अप्पांच्या कपाळावरचे पट्टे आणि त्यांच्या कपाळावरचे पट्टे सारखेच. “अप्पा, तुमी आपल्यातले हाव. दादासाहेबाचं नाव कागदावर कामून? रहीमचं बघू आपन सावकाश.”

“मी आपल्यातलाच हाव,” अप्पा म्हणाले. “आकडा न्हाई. आन सावकाश कामून? तो आत्ता खोके भरून राहिलाय.”

अहवाल मी लिहायला घेतला. माझा पहिला खर्डा असा होता, ‘परिसरात विविध स्रोतांमुळे अडथळे संभवतात.’ अप्पांनी तो वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग स्वतः एक कागद घेतला. नऊ ओळी. जागा, मार्करचा आकडा, दुकानापासूनचा फरक. शेवटच्या दोन ओळींत पिन लावलेली, पिन काढलेली. विशेषण एकही नाही. खाली ‘मोजले’ म्हणून त्यांची सही आणि ‘तपासले’ म्हणून माझ्यासाठी रिकामी जागा. महिनाअखेरीला अप्पा निवृत्त होणार होते, आणि दादासाहेबांनी त्यांना दोन वर्षं वाढवून द्यायचं कबूल केलं होतं. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी सही केली. धैर्य वगैरे काही नव्हतं. अप्पा समोर उभे होते आणि पेन त्यांचंच होतं.

तो कागद घेऊन रहीमभाई बिराजदार काकांकडं गेले. नऊ ओळी वाचून काका म्हणाले, ऱ्हावा. गल्लीच्या बैठकीच्या वहीत एवढंच लिहिलं गेलं, की तांत्रिक अडथळा दादासाहेबांच्या सहकार्यानं दूर झाला. दादासाहेबांचा सत्कारही झाला.

अप्पांची मुदत वाढली नाही. कारण दिलं नाही. निरोप समारंभाला मी अर्धा तास बोललो, आणि ‘खूप’ हा शब्द एकोणीस वेळा वापरला, असं मंगलनं मोजलं. मला मात्र त्याच वर्षी उपप्राचार्य केलं. अहवाल मी वर्तमानपत्रांपर्यंत जाऊ दिला नाही, या मुत्सद्देगिरीची दादासाहेबांनी दखल घेतल्याचं नंतर कानावर आलं. खरं म्हणजे वर्तमानपत्राला काही पाठवतात कसं, हेच मला ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी लातूरला गेलो होतो. दादासाहेबांच्या नव्या होस्टेलचं उद्घाटन. मी पुढच्या सीटवर, मांडीवर भला मोठा पुष्पगुच्छ. गल्लीच्या तोंडाशी गाडी अडकली, बरोबर रहीमभाईंच्या दुकानासमोर. काउंटरच्या आत, स्टुलावर, अप्पा. उदगीरहून आठवड्यातले तीन दिवस एसटीनं येतात, असं पुढं कळलं. समोर उघडा टीव्ही, डबी वरच्या खिशात. रहीमभाई त्यांच्याशी कशावरून तरी तावातावानं भांडत होते, आणि अप्पा मान न उचलता नाही-नाही करत होते.

मी काच वर करणार होतो. तेवढ्यात त्यांनी पाहिलं. उठून बाहेर आले, खिडकीत वाकले. पुष्पगुच्छाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“चा घ्या सर. रहीमभाईचा चांगला असतोय.”

“उशीर होतोय अप्पा. स्टेजवर बसायचंय.”

“हाव. मग जावा.”

ते रस्त्याच्या मधोमध गेले. दोन ऑटो आमच्यासमोर आडवे घुसत होते. त्यांच्यासमोर हात पसरून उभे राहिले. ऑटोवाला ओरडला, “ओ अप्पा, मरता का?” ते हलले नाहीत. दुसऱ्या हातानं आमच्या ड्रायव्हरला खूण केली, या, या, अजून या. आमची गाडी त्यांच्या शर्टाला घासून, मोकळ्या झालेल्या वाटेनं, दादासाहेबांच्या मांडवाकडं निघाली.